निकोटिनचं ऑप्टिकल रोटेशन: डाल्टनमध्ये ऑपरेटर कुठले द्यायचे?

निपाणीकर: तंबाखूच्या गावचा माणूस, म्हणून एमएस्सीच्या प्रोजेक्टला निकोटिनच घेतलंय. ऑप्टिकल रोटेशन, म्हणजे निकोटिन ध्रुवित प्रकाशाची पातळी किती फिरवतं ते, डाल्टन या क्वांटम रसायनशास्त्राच्या प्रोग्रॅमनं काढतोय. त्याच्या रिस्पॉन्स विभागात लिनिअरखाली डिपलेन (विद्युत द्विध्रुव) आणि अँगमॉम (कोनीय संवेग) हे ऑपरेटर दिले, प्रकाशाची फ्रिक्वेन्सी ०.०७७३. रन नीट संपतो. पण मूळबिंदू पिरिडिनच्या (निकोटिनमधल्या एका कड्याच्या) नायट्रोजनवरनं दुसऱ्या नायट्रोजनवर नेला की रोटेशनचा आकडा बदलायलाय. रेणू तोच, भूमिती तीच. ऑपरेटर चुकले काय?

खानापूरचा मास्तर: ऑपरेटर बरोबर हायत की ओ! रोटेशनला विद्युत द्विध्रुव आणि चुंबकीय द्विध्रुव अशी जोडी लागते, आणि चुंबकीय म्हणजे गुणक सोडला तर कोनीय संवेगच. घोळ तिथंच आहे. कोनीय संवेग कुठल्यातरी बिंदूभोवती मोजायचा. बिंदू सरकला की त्यात सरकलेलं अंतर आणि संवेग यांच्या क्रॉस गुणाकाराची भर पडते. बेसिस, म्हणजे ऑर्बिटल ज्यांतनं बांधतो तो फंक्शनांचा संच, पूर्ण असता तर तिन्ही अक्षांची बेरीज घेताना ही भर आपोआप कटली असती. आपल्या अपुऱ्या बेसिसात स्थान आणि संवेग यांचं नातं तंतोतंत राहत नाही, मग थोडी उरते.

लिनिअर सोडा. प्रॉपर्टीज विभागात ऑप्टरॉट द्या, फ्रिक्वेन्सी त्यातल्या एबीएएलएनआर या उपविभागाखाली. तिथं लंडन ऑर्बिटल (चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असणारी बेसिस फंक्शनं) वापरली जातात, गणनेची पद्धत हार्ट्री-फॉक किंवा डीएफटी असेल तर मूळबिंदू कुठंही ठेवा, आकडा हलणार नाही. डिपलेनच्या जागी डिपवेल (द्विध्रुवाचं वेगातलं रूप) घेऊनही हे साधतं, पण मग शून्य फ्रिक्वेन्सीलासुद्धा रोटेशन उरतं, जे उरायला नको. ते वेगळं काढून वजा करावं लागतं. कशाला तो व्याप?

चिकोडी_लॅब: ०.०७७३ म्हणजे सोडियमची ५८९ नॅनोमीटरची रेघ, हार्ट्री या ऊर्जेच्या एककात. बरोबर आहे. आमच्यातल्या एकानं थेट ५८९ लिहिलं होतं, त्यावर अजून हसतोय. बेसिस कुठला?

निपाणीकर: ६-३१जी तारांकित. लंडनवाल्या रनमध्ये दोन्हीकडं आकडा एकच आला, सर. पण पुस्तकात उणे (म्हणजे डावीकडं) १६९ अंशांच्या आसपास आहे, माझा लांबच.

खानापूरचा मास्तर: त्या बेसिसात पसरट फंक्शनं नाहीत, रोटेशनला ती लागतातच. ती असलेला ऑग-सीसी-पीव्हीडीझेड बेसिस घ्या. ८८ इलेक्ट्रॉन आहेत, रात्रभर लावून ठेवा. आणि दोन कड्यांमधला बंध फिरतो: पिरिडिनच्या दोन ठेवणी ऊर्जेनं जवळजवळ आहेत, रोटेशन मात्र प्रत्येकीचं वेगळं. दोन्ही काढा, बोल्ट्झमन सरासरी (ऊर्जेनुसार वजन देऊन) घ्या.

चिकोडी_लॅब: तुलना मोकळ्या निकोटिनशीच करा. त्याचं मीठ पाण्यात उजवीकडं वळवतं, चिन्हच उलटं.