सरकारी रुग्णालयातली मारहाण: आधी पहारा की आधी बोलणारं माणूस?

रातपाळी
मार्च २०१७मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात जमावाने निवासी डॉक्टरला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण हायकोर्टात पोचलं, सरकारने ११०० सुरक्षारक्षक द्यायचं कबूल केलं. रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध राज्याचा कायदा तर २०१०पासून आहे: गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, मोडतोडीची दुप्पट भरपाई. तरी हात उठतोच. डॉक्टर म्हणून माझं म्हणणं, कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या दारात चोवीस तास पहारा, पेशंटमागे दोनच पास, आणि फिर्याद अधिष्ठात्यांनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी द्यायची. मार खाल्लेल्या पोराने टाके घालून घ्यायचे की पोलीस ठाण्यात ताटकळायचं?

पेशंटचा मुलगा
मारहाणीची बाजू मी घेणार नाही. पण गावाकडून जीपमध्ये घालून आणलेल्या माणसाबरोबर सात-आठ जण येतातच. वडिलांच्या वेळी आमच्या हातात ‘रक्त आणा’ची चिठ्ठी दिली आणि दार लावून घेतलं. कुठून आणायचं ते वॉर्डबॉयने सांगितलं. पुढची बातमी थेट ते गेल्याचीच. मधल्या तीन तासांत कोणी दोन वाक्यं बोललं असतं तर आमच्यातली पोरं एवढी पेटली नसती.

रातपाळी
दादा, त्या दाराआड बहुतेकदा एकटा निवासी डॉक्टर छाती दाबत असतो. ते थांबवून तो बाहेर कसा येणार?

वॉर्डातली सिस्टर
पहिली शिवी आणि पहिला धक्का आम्हालाच बसतो, त्याची बातमी होत नाही. पहारा हवाच. पण दिवसा गार्ड ओपीडीची रांग लावतात आणि रात्री वॉर्डात औषधाला सापडत नाहीत. शिवाय धोका नातेवाइकांकडूनच असतो असं नाही. ऑगस्ट २०२४मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर मुलीच्या खुनात दोषी ठरला तो पोलिसांचा स्वयंसेवक होता, आत मोकळा वावरणारा. विश्रांतीच्या खोलीला आतून नीट कडी आहे का, हे आधी बघा.

पेशंटचा मुलगा
डॉक्टरने बाहेर यावं असं मी म्हणतच नाही. रुग्णालयात पेशंट-नातेवाइकांच्या मदतीला समाजसेवा अधीक्षक असतात ना? आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या खोलीला कुलूप होतं. रात्री त्यांना कॅज्युअल्टीत बसवा. दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन सांगायचं, बस्स.

रातपाळी
बसवा, आम्हालाही हवेच आहेत. पण दारू पिऊन आलेल्या टोळक्यापुढे ते काय करतील? तिथे गार्डच लागतो. आणि फिर्याद संस्थेने द्यायची, याला तुमची हरकत आहे का?

पेशंटचा मुलगा
नाही. मात्र आमची उपचारांबद्दल तक्रार असेल, तर तीही त्याच रात्री लेखी घ्या आणि पोच द्या.