शब्दचर्चा: जुळ्यांच्या वजनाची ‘आनुवंशिकता’

प्रश्न : नवजात जुळ्यांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. वजन, लांबी, डोक्याचा घेर यांची ‘हेरिटॅबिलिटी’ त्यात टक्क्यांत दिली आहे. ‘आनुवंशिकता’ चालेल का? आणि ‘एन्व्हायर्न्मेंट’ला ‘पर्यावरण’?

उत्तर : ‘आनुवंशिकता’ नको, ताई. आनुवंशिकता म्हणजे आईबापांचे गुण मुलांत उतरणं. हेरिटॅबिलिटी हे माप एकेका बाळाचं नसून समूहाचं असतं : बाळाबाळांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांमुळे? ‘वजनाची आनुवंशिकता ४० टक्के’ लिहिलंत तर वाचक समजणार, अडीच किलोच्या बाळातला एक किलो जनुकांचा. तसं मुळीच नाही. हाताला पाच बोटं जनुकांमुळेच येतात, तरी बोटांच्या संख्येची हेरिटॅबिलिटी फार कमी भरते, कारण एखादं बोट कमी असलंच तर ते बहुधा अपघातात गेलेलं असतं. ‘फरकातला आनुवंशिक वाटा’ लिहा. लांबलचक आहे, पण अर्थ बिघडत नाही.

दुसरे उत्तर : ‘पर्यावरण’ म्हटलं की झाडं आणि प्रदूषण डोळ्यांपुढे येतं. इथे सगळा मामला गर्भाशयातला आहे, तेव्हा ‘गर्भातली परिस्थिती’ म्हणा. ‘आयडेंटिकल’लाही ‘एकसारखी’ म्हणू नका, ‘एकबीज जुळी’ (एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेली) म्हणा, कारण जन्मतः ती एकसारखी असतीलच असं नाही. साधारण दोनतृतीयांश एकबीज जुळ्यांना मिळून एकच वार (गर्भाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) असते. तिच्यातल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वारेची वाटणी विषम झाली, किंवा एकाची नाळ अगदी कडेला चिकटली, तर एक बाळ २.४ किलोचं आणि दुसरं १.७ किलोचं, असंही होतं. जनुकं मात्र तीच! द्विबीज, म्हणजे दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या, जुळ्यांना प्रत्येकी स्वतंत्र वार असते. अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या जुळ्यांच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं : जन्मतः एकबीज जोड्यांत बराच फरक, मग वाढीच्या वर्षांत ती मुलं एकमेकांच्या जवळ येत गेली आणि द्विबीज जोड्या दुरावत गेल्या. म्हणून आनुवंशिक वाट्याचा आकडा वयासकटच द्यायला हवा. जन्माच्या वेळचा आकडा मोठेपणी लागू पडत नाही.

प्रश्न : पटलं, आभार. आणखी एक : लांबी की उंची?

उत्तर : लांबी. दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं ठेवून मोजतात. उभं करून मोजलं की उंची.