टुरिस्टच्या कामासाठी इंग्रजी शिकायचंय, लवकर सांगा

वेरूळवाला: सीझनच्या आत इंग्रजी बोलता आलं पाहिजे. क्लास लावू का यूट्यूबवर होईल? एका क्लासला पैसे भरले, तिथं नुसते टेन्स लिहून घेतात. तोंडातून वाक्य काही निघंना. खात्रीचा उपाय सांगा, फालतू चर्चा नको.

गोदाकाठ: काम कोणतं करायचंय? हॉटेलचं रिसेप्शन, गाडी, दुकान का गाईड? शिक्षण किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना_मास्तर: आधी व्याकरण पक्कं करा. काळ, मग प्रयोग. रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचा. माझे विद्यार्थी असेच शिकून बँकेत लागले.

वेरूळवाला: सर, तेच करून बसलोय. गाईड व्हायचंय, अजून काय! बारावी झालीय, मराठी मीडियम. वाचता येतं. ३४ लेणी मराठीत तोंडपाठ आहेत, पाहुणे आले की मीच फिरवतो.

लेणीगाईड: हे आधी सांगायचं ना भाऊ, अर्धं काम तर झालेलंच आहे. मी बरीच वर्षं अजिंठा-वेरूळला फॉरेनचे ग्रुप घेतो. सगळं इंग्रजी शिकायच्या मागे लागू नका. आधी फक्त १६ नंबर घ्या. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, कैलास कळसापासून खाली खोदत आणलाय. याची छोटी छोटी वाक्यं करा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, ऐका, परत बोला. ते जमलं की १ ते १२ बौद्ध लेणी, मग ३० ते ३४ जैन. पाठ केलेलं कुणीही बोलतं. गाडी अडते ती पाहुण्यानं मध्येच विचारलं की. एवढा दगड काढून टाकला कुठं? मूर्ती कुणी फोडल्या? टॉयलेट कुठंय? या प्रश्नांची वही करा. आणि येणारे सगळे लंडनचे नसतात. थायलंड, कोरिया, जर्मनीचे असतात, त्यांचंही इंग्रजी शिकलेलंच. हळू बोललेलं त्यांनाही बरं पडतं.

पैठणकर: माझं ऐका, इंग्रजीवाले ढिगानं आहेत. जपानी शिका. अजिंठ्याला जपानी पर्यटक येतात, पैसेही चांगले मिळतात.

लेणीगाईड: जपानी चांगलीच, पण त्याला वर्षं जातात. यांना हा सीझन गाठायचाय.

जुना_मास्तर: म्हणजे अशुद्ध बोलून परदेशी लोकांसमोर मराठवाड्याची शोभा करायची?

लेणीगाईड: रागावू नका सर. व्याकरणाची चूक पाहुणा सांभाळून घेतो. पण अजिंठ्याच्या १ नंबरातलं पद्मपाणीचं चित्र वेरूळला आहे असं सांगितलं, तर पुढं तो कशावरच विश्वास ठेवत नाही. माहिती यांची पक्की आहे, म्हणून म्हणतो, आता बोलायला लागू द्या. व्याकरण सोबत चालू ठेवता येतं.

लातूरकर: आम्ही दिवाळीत येणार आहोत. सोमवारी अजिंठा बंद असतो का वेरूळ? मुलं सोबत आहेत.

गोदाकाठ: सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. बाकीचं वेगळ्या धाग्यावर विचारा. वेरूळवाला, लायसन्सचं काय केलंत? त्याच्याशिवाय लेण्यांत गाईड म्हणून काम करता येत नाही. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर नावाचा ऑनलाइन कोर्स आहे. त्यांच्या साइटवर पात्रता नीट वाचा, एजंटला पैसे देऊ नका. आपल्या विद्यापीठातही पर्यटनाचा विभाग आहे, तिथं जाऊन चौकशी करा.

वेरूळवाला: साइट आजच बघतो. पण सराव कुणाशी करू? घरात इंग्रजी कुणालाच येत नाही. गावात बोलायला गेलं तर पोरं हसतात. एकदम पाहुण्यासमोरच तोंड उघडायचं का?

पैठणकर: आरशासमोर बोला.

लेणीगाईड: आरसा उलटा प्रश्न विचारत नाही. मंगळवारी वेरूळ बंद असतं, तेव्हा आम्ही काही जण दौलताबादला जमतो. एकानं इंग्रजीत किल्ला सांगायचा, बाकीच्यांनी पाहुणे होऊन प्रश्न विचारायचे. महाकोटापासून सुरुवात, अंधारी ओलांडून वर बारादरीपर्यंत. तिथं कुणी हसत नाही. येत्या मंगळवारी सकाळी तिकीट खिडकीपाशी या. पण कैलासाची वाक्यं तयार करून या, पहिली पाळी तुमची.

वेरूळवाला: येतो दादा. मेसेज केलाय, वेळ कळवा.