‘जेरीमँडरिंग’ला मराठीत काय म्हणायचं? शिवाय परिसीमन, प्रायमरी, पुराणमतवादी

मूळ प्रश्न

रिपब्लिकन पक्षात मतदारसंघांच्या नकाशांवरून जी ओढाताण झाली, तिच्यावरच्या लेखातलं हे वाक्य तपासून हवं आहे:

‘इंडियानाच्या पुराणमतवादी सिनेटरांनी बंडखोरी करत जिल्ह्यांचे परिसीमन फेटाळले, आता ट्रम्प त्यांची तिकिटे कापणार.’

‘जेरीमँडरिंग’साठी ‘परिसीमन’ चालेल का? बाकी काही खटकत असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद १

आधी ‘जिल्हे’ काढा. ही चूक वर्तमानपत्रांत सतत दिसते. अमेरिकेतला ‘काँग्रेशनल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे मतदारसंघ. आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाणारा घटक म्हणजे काउंटी. इंडियानात काउंटी ९२ आहेत आणि प्रतिनिधिगृहाचे, म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या खालच्या सभागृहाचे, मतदारसंघ ९. ‘जिल्हे’ लिहिलंत की वाचकाला कलेक्टर कचेरी आठवते आणि पुढचं सगळं चुकतं.

‘परिसीमन’ हा राजपत्रातला हिंदी शब्द. मराठीत ‘मतदारसंघ पुनर्रचना’ किंवा ‘सीमांकन’ रुळलेलं आहे. पण हे दोन्ही शब्द नुसती प्रक्रिया सांगतात, हेतू सांगत नाहीत. आपल्याकडे पुनर्रचना आयोग असतो, त्याचा अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो आणि आयोगाच्या आदेशाला कायद्याचं बळ असतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हे काम राज्याचं विधिमंडळच करतं. म्हणजे ज्यांना उद्या निवडणूक लढवायची आहे, त्यांचाच पक्ष रेघा ओढतो. जेरीमँडरिंग म्हणजे एखाद्या पक्षाचा फायदा मनात धरून ओढलेल्या रेघा. तो हेतू शब्दात यायलाच हवा.

आणखी एक खड्डा. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा ५० राज्यांत नव्याने वाटल्या जातात. त्याला ‘जागावाटप’ म्हणू नका, मराठीत जागावाटप मित्रपक्षांत होतं. ‘राज्यनिहाय जागांची फेरवाटणी’ म्हणा. फेरवाटणी आधी, पुनर्रचना नंतर. २०२५ मध्ये टेक्सस, इंडियानासारख्या राज्यांत नकाशे बदलण्याची जी धडपड झाली, त्यात फेरवाटणी नव्हतीच. २०२० च्या जनगणनेवर नकाशे एकदा झालेले होते, तेच मध्ये पुन्हा उघडले. म्हणून ‘मुदतीआधीची पुनर्रचना’ हा शब्दप्रयोग मला अगदी नेमका वाटतो.

प्रतिसाद २

व्युत्पत्ती थोडक्यात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्य सिनेटच्या मतदारसंघांच्या विधेयकावर सही केली. एसेक्स काउंटीतला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता की ‘बोस्टन गॅझेट’ने २६ मार्च १८१२ च्या अंकात त्याला पंख, नखं आणि चोच लावून प्राणी म्हणून छापलं. सॅलॅमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचराच्या नावाला गेरींचं नाव जोडलं आणि शब्द तयार झाला. त्या निवडणुकीत गेरींच्या पक्षाला विरोधकांपेक्षा कमी मतं मिळाली, तरी राज्य सिनेटच्या ४० पैकी २९ जागा मिळाल्या. स्वतः गेरी मात्र त्याच वर्षी गव्हर्नरपद हरले, कारण ती निवडणूक सबंध राज्यातून होते, तिला रेघा लागत नाहीत.

आडनावाचा उच्चार ‘गेरी’, शब्दाचा आज रूढ उच्चार ‘जेरी-’. मराठीत ‘जेरीमँडरिंग’च लिहावं. ‘जेरीस आणणे’शी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो ‘जेर’ फारसीतून आला, अर्थ ‘खाली’, ‘नमलेला’. तसा संबंध जोडू नका.

प्रतिसाद ३

शब्द बाहेरून आणायची गरजच नाही. महापालिका निवडणुकीच्या आधी प्रभाग रचनेवर जे बोललं जातं, त्यात हे सगळं आहे: ‘प्रभाग फोडला’, ‘वस्ती तोडून पलीकडे टाकली’, ‘सोयीची प्रभागरचना केली’. प्रारूप रचना प्रसिद्ध झाली की हरकती-सूचना येतात आणि त्यांतली बरीचशी भांडणं याच मुद्द्यावर असतात, की नाला किंवा रेल्वेमार्ग ही हद्द सोडून रेघ वस्तीच्या मधून का नेली. आपल्याकडे प्रभागाची वीट म्हणजे जनगणनेचा प्रगणक गट. अमेरिकेत ती जागा ‘सेन्सस ब्लॉक’ घेतो. काम तेच: गट इकडून काढायचा, तिकडे टाकायचा, लोकसंख्या सारखी ठेवायची. फरक इतकाच की प्रतिनिधिगृहासाठी एका राज्यातल्या मतदारसंघांची लोकसंख्या जवळजवळ तंतोतंत सारखी लागते, ही १९६४ च्या ‘वेस्बेरी विरुद्ध सँडर्स’ निकालाची देणगी. त्यामुळे एका टोकाला ब्लॉक घातला की दुसऱ्या टोकाचा काढावाच लागतो आणि रेघा नागमोडी होतात.

म्हणून ‘सोयीची मतदारसंघ-रचना’ हे माझं मत. पहिल्यांदा येईल तिथे ‘जेरीमँडरिंग, म्हणजे सोयीची मतदारसंघ-रचना’ असं लिहावं आणि पुढे मराठीच ठेवावं.

तिचे दोन हात आहेत. ‘क्रॅकिंग’ला फोडणे, ‘पॅकिंग’ला कोंबणे. ‘मतविभाजन’ वापरू नका. मराठीत मतविभाजन उमेदवारांमुळे होतं, तिसरा उभा राहिला म्हणून. इथे उमेदवार दोनच असतात, फुटते ती वस्ती.

आकड्यांत बघा. ५०० मतदार, ५ मतदारसंघ, प्रत्येकी १००. लाल पक्षाचे २८०, निळ्याचे २२०. मतांच्या प्रमाणात गेलं तर ३-२.

कोंबणे: निळ्यांचे ८८ मतदार एकाच मतदारसंघात घाला, सोबत १२ लाल. उरले २६८ लाल आणि १३२ निळे, म्हणजे बाकी चारांत प्रत्येकी ६७-३३. निकाल ४-१, आणि चारही लाल जागा अभेद्य.

फोडणे: निळी वस्ती पाचांत सारखी वाटा. प्रत्येक ठिकाणी ५६-४४. निकाल ५-०.

प्रतिसाद ४

याच आकड्यांत पक्षांतर्गत भांडणाचं मूळ आहे, म्हणून जरा थांबतो.

पाचवी जागा कुठून आली? चार सुरक्षित जागांतली मतं काढून. ६७ वर बसलेल्या चौघांना सांगितलं जातं की पक्षासाठी ५६ वर या. पूर्वी त्यांना हरवायला शंभरातल्या १८ जणांनी बाजू बदलावी लागायची, आता सातांनी बदलली तरी पुरतं. आणि वारं फिरलं तर एक जागा जात नाही, पाचच्या पाच जातात. अशा उलटलेल्या रचनेला अमेरिकेत ‘डमीमँडर’ म्हणतात. मराठीत ‘अंगलट आलेली रचना’ हा शब्दप्रयोग अगदी चपखल बसतो. उदाहरण टेक्ससमधलंच आहे. डॅलस काउंटीतल्या राज्य विधानसभेच्या १४ जागांची रिपब्लिकनांनी केलेली रचना काही वर्षं चालली, पण २०१८ च्या निवडणुकीनंतर १४ पैकी १२ जागा डेमोक्रॅटांकडे होत्या. उपनगरांतली वस्ती बदलली, रेघा तिथेच राहिल्या.

२०२५ च्या टेक्सस नकाशातही हीच जोखीम आहे. प्रतिनिधिगृहाच्या ३८ जागांपैकी आणखी ५ मिळवायचा रिपब्लिकनांचा बेत आहे, आणि त्यातला मोठा भाग दक्षिण टेक्ससच्या हिस्पॅनिक मतदारांनी २०२४ मध्ये ट्रम्प यांना दिलेली साथ टिकेल या हिशेबावर उभा आहे. साथ टिकली तर नकाशा चालेल, नाहीतर अंगलट येईल.

दुसरी किंमत शेजारच्याने मोजायची असते. टेक्ससला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ४ नोव्हेंबर २०२५ ला प्रस्ताव ५० मंजूर केला आणि डेमोक्रॅटांच्या सोयीचा नकाशा आणला. फटका कॅलिफोर्नियातल्या रिपब्लिकनांना बसला. तिथले रिपब्लिकन प्रतिनिधी केव्हिन कायली यांनी मुदतीआधीची पुनर्रचना देशभर बंद करणारं विधेयक आणलं होतं, पण स्वतःच्या पक्षाच्या नेतृत्वाने ते पुढे सरकवलं नाही. त्यामुळे ‘रिपब्लिकनांची एकजूट’ असं लिहिताना कुठल्या राज्यातले रिपब्लिकन, हे लिहायलाच हवं.

प्रतिसाद ५

टेक्ससचा विषय निघालाच आहे तर ‘सभात्याग’ही टाळा. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा नकाशा रोखण्यासाठी तिथले डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून गेले. सभात्यागानंतर सभागृह चालू राहतं. इथे उद्देश ते बंद पाडण्याचा होता. १५० सदस्यांत दोन तृतीयांश, म्हणजे १०० हजर नसतील तर कामकाजच होत नाही. शब्द आहे ‘गणपूर्ती रोखणे’.

प्रतिसाद ६

आता ‘पुराणमतवादी’. हा शब्द मला मनापासून खटकतो. मराठीत पुराणमतवादी म्हणजे सोवळंओवळं पाळणारा, सुधारणेला आडवा येणारा. आगरकरांच्या काळापासून त्याला तीच छटा आहे. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्हांमध्ये कर कमी करा म्हणणारा व्यापारी आहे, गर्भपाताला विरोध करणारा चर्चवाला आहे, साम्यवादाविरुद्ध खंबीर राहा म्हणणारा आहे आणि वॉशिंग्टनने राज्यांत नाक खुपसू नये म्हणणाराही आहे. यांतला फार तर दुसरा आपल्या ‘पुराणमतवादी’त बसेल.

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मराठी पत्रकारितेने ‘हुजूर पक्ष’ म्हटलं, मजूर पक्षाच्या समोर. सुंदर शब्द, पण तो ब्रिटनच्या राजनिष्ठेतून आलेला. अमेरिकेत हुजूर कोण? तिथे ‘परंपरावादी’ किंवा नुसतं ‘उजवे’ लिहावं, आणि जिथे ते आणि रिपब्लिकन पक्ष वेगळे दाखवायचे तिथे ‘कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळ’ सरळ ठेवावं.

ही चळवळ एकजिनसी कधीच नव्हती. १९५५ मध्ये विल्यम बकली यांनी ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक सुरू केलं आणि त्याच्या भोवती बाजारवादी, धर्मवादी आणि साम्यवादविरोधक यांची मोट बांधली गेली. ‘फ्यूजनिझम’ला, म्हणजे या वेगवेगळ्या गटांच्या एकत्र येण्याला, ‘मोट’पेक्षा चांगला मराठी शब्द नाही. मोटेची दोरी होती साम्यवादाचा विरोध. सोव्हिएत संघ संपला, दोरी सैल झाली. आज जी मागितली जाते ती एकजूट, नेत्यामागे उभं राहण्याची. मोट आणि एकजूट या दोन शब्दांत तुमच्या लेखाचा अर्धा विषय येतो, त्यांची अदलाबदल करू नका.

इंडियानात हे उघड दिसलं. स्पेन्सर डीरी या रिपब्लिकन सिनेटरने नकाशाला विरोध करताना मांडलेला मुद्दा असा होता, की हा विरोध आपल्या परंपरावादी तत्त्वांना सोडून नाही, त्यांच्यातूनच आला आहे.

प्रतिसाद ७

‘बंडखोरी’ आणि ‘तिकिटं कापणं’ हे दोन्ही शब्द अमेरिकेत लागू पडत नाहीत.

आपल्याकडे बंडखोर म्हणजे तिकीट न मिळाल्यावर अपक्ष उभा राहणारा, नाहीतर पक्षादेश मोडून अपात्रतेच्या कारवाईला सामोरा जाणारा. अमेरिकेत पक्षांतरबंदी कायदा नाही. पक्षाविरुद्ध मत दिल्याने कोणाची जागा जात नाही. त्या मतदानाचा तपशील असा: ११ डिसेंबर २०२५, इंडियाना सिनेट, ५० सदस्य, त्यांत ४० रिपब्लिकन. नकाशाच्या बाजूने १९, विरोधात ३१. विरोधातल्या ३१ मध्ये १० डेमोक्रॅट आणि २१ रिपब्लिकन. म्हणजे सत्ताधारी पक्षातलं बहुमतच विरोधात गेलं. त्याला बंडखोरी कशी म्हणणार? ‘स्वपक्षाचा नकाशा फेटाळला’ एवढं पुरे.

नकाशा कसा होता तेही एका ओळीत द्या. राज्याच्या ९ जागांत ७ रिपब्लिकन, २ डेमोक्रॅट. बेत ९-० चा. त्यासाठी इंडियानापोलिस शहर चार मतदारसंघांत फोडलं होतं आणि प्रत्येक तुकडा ग्रामीण भागाला जोडला होता. ‘फोडणे’ म्हणजे काय ते वाचकाला यातूनच कळेल.

आता तिकीट. तिकीट कापायला ते देणारा कोणीतरी लागतो. अमेरिकेत उमेदवार प्रायमरीत मतदार ठरवतात, श्रेष्ठी नाही. ट्रम्प करू शकतात ते इतकंच, की विद्यमान सिनेटरसमोर दुसऱ्याला उभं करून त्याला पाठिंबा द्यायचा. ‘प्रायमरीत आव्हानवीर उतरवणे’ असं लिहा. ‘प्राथमिक निवडणूक’ नको, प्राथमिक म्हटलं की शाळा आठवते. पहिल्यांदा ‘प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक’ असं लिहून पुढे ‘प्रायमरी’ चालवा. आणि इंडियानाचे सिनेटर चार वर्षांसाठी निवडून येतात, निम्म्या जागा एका वेळी, निम्म्या दोन वर्षांनी. त्यामुळे २०२६ मध्ये ही टांगती तलवार २१ पैकी सगळ्यांवर नव्हती. ‘त्यांची’ म्हणताना जपून.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. सुधारलेलं वाक्य:

‘इंडियाना सिनेटमधल्या २१ रिपब्लिकनांनी डेमोक्रॅटांच्या बरोबरीने मतदान करून, इंडियानापोलिस शहर चार मतदारसंघांत फोडणारी मुदतीआधीची पुनर्रचना फेटाळली. त्यांच्यापैकी ज्यांना २०२६ मध्ये पुन्हा उभं राहायचं होतं, त्यांच्यासमोर प्रायमरीत आव्हानवीर उतरवण्याचा इशारा ट्रम्प यांनी दिला होता.’

प्रतिसाद ८

एक शब्द अजून राहिला. ‘इंडियाना सिनेट’च्या जागी पहिल्या उल्लेखात ‘इंडियाना राज्याचं सिनेट, म्हणजे तिथल्या विधिमंडळाचं वरचं सभागृह’ असं करा. नुसतं सिनेट म्हटलं की वाचक वॉशिंग्टनला जातो. तिथल्या १०० सिनेटरांचा मतदारसंघ म्हणजे सबंध राज्य, त्यांना या रेघांशी घेणंदेणं नसतं. विधान परिषदेची उपमाही देऊ नका, हे ५० जण थेट मतदारांनी निवडलेले असतात.