‘ओपन सोर्स’मधला सोर्स आणि इतिहासाची साधने

तलावपाळी
दिवाळी अंकासाठी अनुवाद करतेय. विषय: ओपन सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड सगळ्यांना वाचायला, बदलायला, वाटायला खुला ठेवायच्या) चळवळीमुळे संगणकाचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या हाती काय आलं. मूळ इंग्रजीत एकाच ओळीत ‘सोर्स’ दोनदा येतो, एकदा प्रोग्रामचा, एकदा इतिहासकाराचा. मी दोन्हीकडे ‘स्रोत’ लिहिलं. संपादकांनी दुसरा खोडून ‘साधने’ केलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापणाऱ्या राजवाड्यांपासून तेच चालत आलंय, मान्य. पण मग लेखकाची कोटी मेली. काय करू?

महापेचा जुना
ऐरोलीत कुणालाही ‘मुक्त स्रोत’ म्हणा, तो विचारेल, “म्हणजे ओपन सोर्स ना?” तेच लिहा की.

सेक्टर १७
‘मुक्त’ नकोच. २०२४ मध्ये ऐरोली, वाशी, आनंदनगरचे नाके हलक्या गाड्यांसाठी टोलमुक्त झाले, म्हणजे टोल गेला. तसं मुक्तस्रोत म्हणजे स्रोत गेलेलं! ‘खुला स्त्रोत’ म्हणा.

कोपरीकर
समास तरी नीट सोडवा. मुक्त विद्यापीठात विद्यापीठ नसतं का?
खरा घोळ वेगळाच आहे. प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू ही संगणकप्रणाली जाहीर केली ती ‘फ्री’ म्हणून, स्वातंत्र्य या अर्थी. ‘ओपन सोर्स’ हा शब्द क्रिस्टीन पीटरसन यांनी १९९८च्या फेब्रुवारीत सुचवला, कारण ‘फ्री’ म्हटलं की लोक फुकट समजायचे. मुक्त पहिल्यांचा, खुला दुसऱ्यांचा. आपण दोघांना एकाच गोणीत कोंबतो. एरवी चालून जाईल, इतिहासाच्या लेखात नाही. १९५५ पासून आयबीएमची यंत्रं वापरणारे ‘शेअर’ नावाच्या गटात एकमेकांना प्रोग्राम देत होते. त्यांना ओपन सोर्सवाले म्हणणं म्हणजे शिवकालात पोस्टाचं तिकीट चिकटवणं.

तलावपाळी
पण इतिहासकाराला परवान्याशी काय देणंघेणं? वाचायला मिळालं की झालं. मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस या संगणकप्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांचा कोड अमेरिकेतल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१४ मध्ये बघायला ठेवला, तेव्हा तो ओपन सोर्स नव्हता. एमआयटी परवाना, म्हणजे कोड वापरायची-वाटायची मोकळीक, २०१८ मध्ये आला. अभ्यास आधीच सुरू झाला असणार.

कोपरीकर
वाचता येतं, पण परवान्याशिवाय प्रती करून इतरांना वाटता येत नाहीत. मूळ धनी गेला की साधनही गेलं.

महापेचा जुना
हे मला विचारा. १९९९ मध्ये आम्ही रात्र रात्र वायटूके (२००० साल उजाडताना प्रोग्राममधल्या तारखा चुकू नयेत म्हणून दुरुस्ती) करत होतो. कोबोल या जुन्या संगणकभाषेतली बँकेची कामं. काम संपलं, कोड गिऱ्हाइकाकडे परत, आमच्याकडच्या टेपा पुसल्या. करारच तसा. उद्या कुणी नवी मुंबईच्या सॉफ्टवेअरचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला त्याच वर्षीची लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीवर काम करणाऱ्यांची भांडणं शब्दन्‌शब्द सापडतील आणि आमची एक ओळ सापडणार नाही. जे उघडं होतं त्याचाच इतिहास होणार. आमची माणसं काय कमी होती?

कोपरीकर
म्हणून तर ‘साधने’ हवं. गिटमधली (कोडातला प्रत्येक बदल टिपून ठेवणाऱ्या प्रणालीतली) नोंद हा समकालीन कागद, संकेतस्थळावरचं ‘आमच्याविषयी’ ही बखर. अर्थात कागदही तपासूनच घ्यायचा. लिनक्स १९९१चं, पण त्याच्या मुख्य गिटमधल्या नोंदी २००५च्या एप्रिलपासून सुरू होतात; आधीचं दुसरीकडून जुळवावं लागतं. शिवाय नोंदी पुढे पाठवण्याआधी लोक त्या साफसूफ करतात. कागद समकालीन, पण कारकुनाने पुन्हा लिहून काढलेला.

शुद्धलेखक
चर्चा छान. पण वर ‘स्त्रोत’ कुणी लिहिलं? स्रु म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोतस्. त्यात त कुठून आला?

सेक्टर १७
पाण्याच्या योजनेच्या पाटीवर ‘स्त्रोत’, वर्तमानपत्रात ‘स्त्रोत’. सगळे लिहितात तेच मराठी.

शुद्धलेखक
सगळे सिग्नल तोडतात म्हणून लाल दिवा हिरवा होत नाही.

तलावपाळी
अहो, माझं वाक्य! उद्या मजकूर द्यायचाय.

कोपरीकर
‘खुलं दफ्तर’ करा. प्रोग्रामलाही चालेल, इतिहासालाही. पेशवे दफ्तर आहेच.

शुद्धलेखक
दफ्तर फारसी, आणि ते ग्रीकमधल्या कातड्याच्या शब्दावरून आलेलं. मराठीत दप्तर.

सेक्टर १७
‘खुलं दप्तर’ म्हटलं तर नौपाड्यातली आई म्हणेल, चेन लाव, डबा पडेल.

शुद्धलेखक
मग पेशव्यांचंही दप्तरच म्हणायचं का? छापील खंडांवर ‘दफ्तर’ आहे.