परतणं सोपं असतं असं नाही

चीनमध्ये राहून मायदेशी परतणाऱ्यांबद्दल कोणी म्हणतं, 'चीनमध्ये रुळणं अवघड, परत आल्यावर काय, घर आपलंच', पण ते मला पटत नाही. परदेशात रुळताना मनाचे जसे चढउतार होतात, तसाच दुसरा फेरा घरी परतल्यावर सुरू होतो, हे गलाहॉर्न या अमेरिकन संशोधक दांपत्याने १९६३ मध्येच मांडलं होतं.

माझी एक अमेरिकन सहकारी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे चीनच्या कान्सू प्रांतात इंग्रजी शिकवायची. तिकडे गोल टेबल, मधल्या ताटल्यांतून सगळ्यांनी घ्यायचं, बिल कोणी द्यायचं यावर हमरीतुमरी. परत अमेरिकेत आल्यावर प्रत्येकाची ताटली वेगळी, बिल वेगळं, आणि पाण्यात बर्फ! (तिला गरम पाण्याची सवय, चीनमध्ये रेल्वेतही उकळत्या पाण्याचा नळ असतो.) पण हे किरकोळ. 'कसा होता चीन?' विचारून लोक दोन मिनिटांत विषय बदलत, ते तिला फार लागायचं.

त्यात पीस कोअरचा चीनमधला १९९३ पासूनचा कार्यक्रम बंद होणार, असं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं आणि लगेच कोरोनामुळे स्वयंसेवकांना तातडीने बाहेर काढलं. अनेकांना विद्यार्थ्यांचा निरोपही घेता आला नाही, तीही त्यांतलीच. अशा माणसाला 'आता विसर ते' म्हणणं मला फार कठोर वाटतं. त्यापेक्षा तिच्या विद्यार्थ्यांबद्दल विचारा, ती तासभर बोलेल.