‘आधी शोधून या’ हे नवख्या लिनक्सवाल्याला सांगायचं की नाही?

शाईपेन

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि तेव्हापासून लिनक्सकडे वळलेली बरीच मंडळी भेटताहेत. मशीन धडधाकट असतं, टाकवत नाही, म्हणून मिंट नाहीतर उबुंटू, ही लिनक्सचीच दोन रूपं, चढवतात. इन्स्टॉल अर्ध्या तासात आटपतं. मग पहिली अडचण येते, ती कुठेतरी विचारली जाते आणि पहिलं उत्तर येतं, "आधी शोधून या." दुसरं त्याहून आखूड, "मॅन पेज वाचा," म्हणजे त्या कमांडचं मॅन्युअलमधलं पान.

माझं मत असं की ही दोन्ही उत्तरं देणं आपण बंद करावं. सौम्य शब्दांत द्यावीत असं नाही म्हणत, बंदच करावीत.

शोधायला शब्द लागतो आणि नवख्याकडे नेमका तोच नसतो. व्हिडिओ बघताना चित्र मधूनच आडवं चिरल्यासारखं दिसतं, एवढं त्याला सांगता येतं. त्याला ‘टेअरिंग’ म्हणतात आणि त्याचा संबंध कॉम्पोझिटरशी (खिडक्या पडद्यावर जुळवणाऱ्या भागाशी) असू शकतो, हे कळलं की पुढचं तो स्वतः शोधेल. तो शब्द हीच अर्धी मदत असते. मॅन पेजचंही तेच. कमांडचं नाव माहीत असेल तर पान उघडणार. ‘मॅन -के’ने विषयावरून शोधता येतं खरं, पण तिथेही शब्द द्यावाच लागतो.

युनिक्सचं, म्हणजे लिनक्स ज्या वळणावर घडलं त्या जुन्या सिस्टिमचं, पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं. त्यातल्या पानांवर शेवटी ‘ओनर’ असा एक भाग असायचा आणि त्यात माणसांची लघुनावं. अडचण आली तर कोणाला गाठायचं, हे सांगण्यासाठी तो भाग होता. म्हणजे मॅन्युअल आणि माणूस ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे. "मॅन्युअल वाचा" म्हणणारे त्यातला माणूस काढून टाकतात आणि वर त्याला परंपरा म्हणतात. मला हे मनापासून खटकतं.

जुनाखिळा

पूर्ण असहमत. पंधरा वर्षं मी उत्तरं देतोय, रोज रात्री जेवणानंतर तासभर, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

"वायफाय चालत नाही. प्लीज मदत करा. अर्जंट." एवढाच प्रश्न. मी विचारतो, कोणतं डिस्ट्रो, म्हणजे मिंट, उबुंटू की आणखी कुठलं? दुसऱ्या दिवशी उत्तर, "लिनक्स." आवृत्ती? "लेटेस्ट." कार्ड कोणतं? "लॅपटॉपमधलंच आहे." हे मी रंगवून सांगत नाही, असे संवाद शेकड्याने केलेत. यात शब्द माहीत नसण्याचा काही संबंध नाही. समोरचाही माणूस आहे आणि त्याला माझं मशीन दिसत नाही, एवढा विचार केलेला नसतो.

एका प्रिंटरवर मी चार संध्याकाळी घालवल्या होत्या. शेवटी त्या माणसाने लिहिलं, "झालं, सोडा." कसं झालं ते नाही. पुढे तोच प्रिंटर असलेले सात-आठ जण शोधत शोधत तिथे आले आणि प्रत्येकाने विचारलं, "कसं झालं?" उत्तर द्यायला तो परत फिरकलाच नाही. मला राग त्या चार संध्याकाळींचा नाही, या सात-आठ जणांचा आहे.

"शोधून या" यात अपमान नाही. शोधता शोधता माणूस लॉग (मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदी) वाचायला शिकतो, आणि लॉग वाचणारा माणूस मोकळा होतो. त्याला दर अपडेटनंतर कोणाचं दार ठोठवावं लागत नाही.

पायवाट

शाईपेन यांच्या बाजूने एक गोष्ट जोडते. ३ जुलै १९९१ ला हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने मिनिक्स या युनिक्ससारख्या छोट्या सिस्टिमच्या न्यूजग्रुपवर (इंटरनेटवरच्या चर्चागटावर) विचारलं होतं की पॉझिक्सचे, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या मानकाचे, नियम कुठे मिळतील, शक्यतो मशीनवर वाचता येतील अशा रूपात. तो लिनस टोरव्हाल्ड्स, लिनक्सचा जनक. आपण काहीतरी नवीन बनवतोय हे त्याने जाहीर केलं २५ ऑगस्टला, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनी. लिनक्सच्या इतिहासात घोषणेआधी प्रश्न आहे, आणि तोसुद्धा "मॅन्युअल कुठे आहे" हाच! त्याला कोणी "शोधून ये" म्हणून परत पाठवलं असतं तर?

जुनाखिळा

पायवाटताई, उदाहरण चांगलं दिलंत, पण ते माझ्या बाजूचं आहे. त्याने कसं विचारलं ते बघा. मिनिक्सवर एक काम करतोय (संदर्भ), त्यासाठी पॉझिक्सची व्याख्या हवी आहे (नेमकी गरज), मशीनवर वाचता येईल अशी असली तर बरं (रूप). दोन-तीन वाक्यांत तिन्ही गोष्टी. असा प्रश्न आला तर मी झोपेतून उठून उत्तर देईन.

शाईपेन

मग आपला वाद थोडा सरकला. "शोधून या" आणि "ही ही माहिती द्या" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला माझा विरोध नाही, कारण तिने माणूस आत येतो. पहिलीने तो दारातून परत जातो आणि आठवड्याभरात लिनक्स काढून टाकतो. तुम्ही त्या वायफायवाल्याला तीन प्रश्न तरी विचारलेत. बहुतेक जण तेवढंही करत नाहीत.

रातपाळी

दोघंही जुन्या काळात अडकलात असं वाटतं. नवखा आता माणसांकडे येतोच कशाला? रात्री दोन वाजता चॅटबॉटला विचारतो, तो टोमणा मारत नाही, तोच प्रश्न दहा वेळा विचारला तरी वैतागत नाही. "चित्र चिरल्यासारखं दिसतं" एवढं सांगितलं तरी तो ‘टेअरिंग’ हा शब्द देतो. शाईपेन यांना हवं तेच तर झालं. मी स्वतः गेल्या वर्षी असाच शिकलो, कोणाचे उपकार न घेता.

गवतफूल

शब्द मिळवायला चॅटबॉट चांगला, हे मान्य. कमांड मिळवायला नाही, आणि हे मी हात पोळून शिकलोय.

मला पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती हवी होती. बॉटने सांगितलं, आधी जुनी काढा, ‘सुडो एपीटी रिमूव्ह पायथन३’. मी टाकली. पडद्यावर एक लांबलचक यादी आली, काय काय काढलं जाणार याची, आणि खाली ‘वाय’ की ‘एन’. इतक्या ठाम आवाजात सांगितलेलं असल्यामुळे मी यादी न वाचता ‘वाय’ दाबलं. उबुंटू आणि मिंटमध्ये डेस्कटॉपचे कितीतरी भाग त्या पायथनवर उभे असतात. मशीन परत सुरू केलं तेव्हा चित्र नव्हतं, फक्त काळा पडदा आणि लॉगिनची ओळ. टाइमशिफ्टने ठेवलेली आदल्या दिवशीची सिस्टिमची प्रत (स्नॅपशॉट) होती म्हणून वाचलो.

हाच सल्ला चार लोकांसमोर दिला गेला असता तर तिघांनी ओरडून थांबवलं असतं. बॉटशी बोलताना खोलीत तिसरं कोणी नसतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने डिसेंबर २०२२ मध्ये बॉटकडून लिहून घेतलेली उत्तरं टाकायला बंदी केली, ती याचसाठी, की ती दिसतात बरोबर आणि बऱ्याचदा चुकीची निघतात. तुम्हाला उपकार नकोत हे समजतं, पण चूक दाखवणारं कोणी हवं की नको?

रातपाळी

यादी न वाचता ‘वाय’ दाबणं ही तुमची चूक होती. माणसाने दिलेल्या कमांडवरही तुम्ही तेच केलं असतं. दहा वर्षांपूर्वीची उत्तरं आजही शोधात वरच येतात, ती माणसांनीच लिहिलेली आहेत आणि आज लागू पडत नाहीत. तारीख न बघता ती टाकणारेही मोडूनच घेतात. दोष विचारण्याच्या जागेचा नाही, प्रत्येक कमांड काय करते हे आधी समजून न घेण्याचा आहे. यावर माझं मत बदललेलं नाही.

नवीपाटी

मध्येच लिहितेय, माफ करा. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातलीच मी एक. तीन दिवसांपूर्वी मिंट टाकलं. वायफाय चालत नाही. ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, टाकला (फोन केबलने जोडून इंटरनेट घेतलं), पूर्ण झालं म्हणाला, तरी नेटवर्कची यादीच येत नाही. दोनदा सगळं पुन्हा इन्स्टॉल करून झालं. शोधलं, पण ‘मिंट वायफाय चालत नाही’ याला हजार उत्तरं येतात आणि कुठलं माझं ते कळत नाही. दोन जागी विचारलं, दोन्हीकडे "हे आधी विचारून झालंय" म्हणून प्रश्न बंद केला.

जुनाखिळा

नवीपाटीताई, प्रश्न बरा मांडलाय, काय केलं ते लिहिलंत. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि दोन ओळी टाका. दोन्ही फक्त माहिती विचारतात, काही बदलत नाहीत. एक, ‘एलएसपीसीआय -के’, आणि त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’च्या खाली काय येतं ते द्या. दुसरी, ‘इन्क्सी -एफएक्सझेड’. त्यातल्या ‘झेड’मुळे तुमचे सिरीयल नंबर वगैरे झाकले जातात, त्यामुळे ती सगळ्यांसमोर टाकायला हरकत नाही.

नवीपाटी

कार्ड ब्रॉडकॉमचं आहे. त्याखाली ‘कर्नल मोड्यूल्स’समोर दोन नावं आहेत, त्यात एक ‘डब्ल्यूएल’. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ वरच्या दुसऱ्या उपकरणांना आहे, याला नाही. मिंट २२.

गवतफूल

म्हणजे ड्रायव्हर डिस्कवर आहे, पण कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) आत घेतलेला नाही. ‘सुडो मोडप्रोब डब्ल्यूएल’ टाकून बघा. हा तो ड्रायव्हर आत्ता चढवायचा प्रयत्न करतो, नाही जमलं तर कारण सांगतो. जे उमटेल ते अक्षर न् अक्षर द्या.

नवीपाटी

‘मोडप्रोब: एरर: कुड नॉट इन्सर्ट डब्ल्यूएल: की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस.’

जुनाखिळा

सापडलं. ताई, ड्रायव्हर टाकताना मध्येच एक नवा पासवर्ड ठरवायला सांगितला होता का? आणि नंतर रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा आला होता का?

नवीपाटी

हो! दोन्ही वेळा. निळ्या पडद्यावर काही पर्याय होते. मला वाटलं काहीतरी बिघडलं. सगळ्यात वर ‘कंटिन्यू बूट’ होतं, ते सुरक्षित वाटलं म्हणून तेच दाबलं. हे त्याच्याशी संबंधित असेल असं स्वप्नातही आलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

जुनाखिळा

तोच तो क्षण. तुमच्या मशीनवर सिक्युअर बूट चालू आहे. अशा वेळी कर्नल सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. हा ड्रायव्हर तुमच्या मशीनवरच तयार होतो, त्यावर तुमच्याच मशीनच्या किल्लीने सही होते, आणि ती किल्ली मालकाने मान्य केली आहे हे फर्मवेअरच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) पातळीवर एकदा सांगावं लागतं. त्या किल्लीला ‘मॉक’ म्हणतात, मशीन ओनर की. निळा पडदा त्यासाठीच होता. ‘कंटिन्यू बूट’ म्हणजे "नको, पुढे जा".

आता ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की’ टाका. नवा पासवर्ड विचारेल, तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट करा. निळा पडदा आला की दहा सेकंदांच्या आत कुठलंही बटन दाबा, मग ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘यस’, तो पासवर्ड, ‘रीबूट’. आतल्या यादीतलं ‘कंटिन्यू’ बरोबर आहे, बाहेरचं ‘कंटिन्यू बूट’ नाही.

शाईपेन

तोवर मी एवढंच विचारतो. ‘मॉक’ हा शब्द नवीपाटी यांनी कसा शोधला असता? त्यांच्या लेखी निळा पडदा आणि वायफाय या दोन वेगळ्या घटना होत्या. तीन दिवस, दोन इन्स्टॉल, दोन बंद दारं, आणि इथे पाच-सहा प्रतिसादांत उलगडलं.

जुनाखिळा

उलगडलं ते त्यांनी एररची ओळ जशीच्या तशी दिली म्हणून. ती ओळ शोधात टाकली असती तरी पहिल्या पानावर हेच मिळालं असतं. ओळ मिळवायची कशी हे त्यांना माहीत नव्हतं, एवढं मी तुमच्याकडून घेतो. बंद करणाऱ्यांनी निदान त्या दोन कमांड सांगून बंद करायला हवं होतं. पण "शोधून या" म्हणणं सोडणार नाही, फक्त कशाने शोधायचं ते जोडीला सांगेन.

पायवाट

एक भर. ज्यांनी डेस्कटॉप मराठीत ठेवलाय त्यांना एररही मराठीत मिळू शकते आणि ती शोधून काही हाती लागत नाही. कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लिहिलं की मूळ संदेश येतो. तोच शोधात टाकावा.

नवीपाटी

वायफाय आलं!! यादीत नेटवर्क दिसल्यावर दोन मिनिटं नुसती बघत बसले. जुनाखिळा दादा, गवतफूल, मनापासून आभार.

प्रिंटरवाल्याबद्दल वाचलं होतं म्हणून लगेच नीट लिहून ठेवतेय. मशीन ब्रॉडकॉम कार्डाचं, मिंट २२, सिक्युअर बूट चालू. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड ठरवला, निळ्या पडद्यावर ‘कंटिन्यू बूट’ दाबलं, म्हणून किल्ली नोंदली गेली नाही. दादांनी दिलेली कमांड, रीस्टार्ट, ‘एनरोल मॉक’, मग वायफाय. पुन्हा इन्स्टॉल करायची काहीच गरज नव्हती.

ज्या दोन जागी माझा प्रश्न बंद झाला तिथेही हेच उत्तर नवी पोस्ट म्हणून टाकलंय. शीर्षकात ‘मॉक’ किंवा ‘सिक्युअर बूट’ लिहिलेलं नाही, कारण तीन दिवसांपूर्वी मी ते शब्द टाकून शोधलंच नसतं. शीर्षक दिलंय, ‘ड्रायव्हर टाकल्यावर निळा पडदा आला, कंटिन्यू दाबलं, आता वायफायची यादीच येत नाही’.